कपाटातला हिरवा कप्पा

नवरात्रात देवघराशेजारी घट बसतो. पत्रावळीवरच्या काळ्या मातीत पेरलेले धान्य नऊ दिवसांत वीतभर वाढते आणि बहुधा फिकट पिवळ्या रंगाचे राहते. त्या पिवळ्या तुऱ्यांचे आपल्याला कौतुकच असते. वनस्पतिशास्त्र मात्र त्यात प्रकाशाची उपासमार पाहते. अंधारातले रोप आपली सारी शिदोरी उंच होण्यात खर्च करते आणि प्रकाशाअभावी त्याच्या पानांत पुरेसे हरितद्रव्य तयार होत नाही. घरातल्या जुन्या कपाटात कोवळी भाजी पिकवावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हा घट डोळ्यांपुढे ठेवावा. कपाटात माती, पाणी आणि ऊब सहज देता येते. तेथे मुळातच नसतात त्या दोन गोष्टी म्हणजे प्रकाश आणि खेळती हवा. पहिलीची उणीव रोपाला भोवते, दुसरीची घरातल्या माणसांना.

मग कपाटच कशाला, असे आपण विचाराल. शहरातल्या अनेक सदनिकांना गच्ची नसते, सज्जा खोलीत सामावलेला असतो आणि खिडकीत ऊन येतेच असे नाही. अशा घरात निकामी झालेले कपाट ही आयती मांडणी असते. कपाट लाकडी असो वा लोखंडी, प्रथम त्याची दारे काढून ठेवावीत किंवा दिवसभर उघडी राहतील अशी व्यवस्था करावी. लहान मुले लपाछपी खेळताना आत अडकण्याचा धोकाही त्यामुळे टळतो. कपाटात वर्षानुवर्षे डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असतील, तर ते धुऊन-पुसून चांगले काही दिवस उन्हावाऱ्यात ठेवावे. तो वास पूर्ण जाईपर्यंत आत खाण्याचे काही पेरू नये. आतल्या बाजूंना पांढरा रंग दिल्यास प्रकाश वाया न जाता परतून पानांवर पडतो. प्लायवूड पाण्याने फुगते, म्हणून फळीवर जाड प्लास्टिक अंथरावे.

दिव्याच्या बाबतीत बाजारातील जांभळ्या प्रकाशाच्या महागड्या साधनांचा मोह आवरावा. कोवळ्या पाल्यासाठी साधी पांढरी एलईडी नळी पुरते. एका कप्प्याला दोन फुटी, प्रत्येकी दहा वॅटच्या दोन नळ्या लावाव्यात आणि पानांपासून त्यांचे अंतर १५ ते २० सेंटिमीटर ठेवावे. अंतर वाढले की प्रकाश झपाट्याने घटतो आणि रोपे पुन्हा घटातल्यासारखी लांबुळकी होऊन आडवी पडतात. रोज १४ तास दिवे चालू ठेवल्यास महिन्याला साडेआठ युनिटच्या आसपास वीज लागते. चालू-बंद करण्याचे काम टायमरवर सोपवावे. रोपांनाही रात्र हवी.

पाणी आणि वीज एकाच कपाटात नांदणार आहेत, तेव्हा येथे काटकसर नको. विजेचा बोर्ड ट्रेच्या वरच्या बाजूला, कपाटाबाहेर असावा. तार बोर्डाकडे जाण्यापूर्वी थोडी खाली झोळ देऊन न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारा थेंब बोर्डात न शिरता खाली पडेल. घराच्या वीजजोडणीत गळती ओळखून प्रवाह तोडणारा ब्रेकर नसेल, तर तो आधी बसवून घ्यावा. लोखंडी कपाटासाठी ही अट अधिकच कठोरपणे पाळावी, कारण एक सोललेली तार सबंध कपाटात वीज उतरवू शकते.

आता हवेकडे वळू. ओल्या मातीतून आणि पानांतून सतत वाफ बाहेर पडते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात बाहेरची हवाच ओथंबलेली असते. अशा वेळी बंद कप्प्यात चार दिवसांत बुरशी धरते. तिचे सूक्ष्म बीजाणू दमेकऱ्यांना आणि ॲलर्जी असणाऱ्यांना त्रासदायक ठरतात. म्हणून हे कपाट झोपण्याच्या खोलीत ठेवू नये, भिंतीपासून चार बोटे पुढे ओढावे आणि संगणकात असतो तसा छोटा पंखा आत मंद चालू ठेवावा. धिंगरी अळिंबी घरात पिकवण्याची हौस अनेकांना असते. तिच्या बीजाणूंनी फुप्फुसांची ॲलर्जी होऊ शकते, हे जाणून ती तरी राहत्या खोलीतल्या कपाटात लावू नये.

ट्रेमध्ये पांढरे तंतू दिसले की नवखा माणूस घाबरतो. ते मुळाभोवती चवरीसारखे फुललेले असतील आणि पाणी शिंपडताच दिसेनासे होत असतील, तर ती मुळांची लव आहे. कोळिष्टकासारखे आडवे पसरलेले, कुबट वासाचे तंतू असतील तर ती बुरशी. तो ट्रे सबंध टाकून द्यावा.

काय पेरावे, याचे उत्तर बहुतांशी आपल्या मिसळणाच्या डब्यात आहे. मेथी रात्रभर भिजवून पेरावी, ती दहा-बारा दिवसांत कापणीला येते. मोहरीलाही तेवढेच दिवस पुरतात. धने हलके रगडून दोन दळे करावेत आणि तीन आठवडे धीर धरावा. बाळंतिणीच्या लाडवांमुळे घरोघरी ओळखीचे असलेले अळीव मात्र भिजवू नये. पाणी लागताच ते बुळबुळीत होते. ओल्या कोकोपीटवर ते विरळ भुरभुरावे. आठ-दहा दिवसांत त्याचा तिखटसर पाला थालीपिठाशेजारी मांडण्यासारखा होतो. कृषी केंद्रातले रंगीत लेप दिलेले बियाणे येथे वर्ज्य समजावे, कारण त्यावर औषध चोळलेले असते. टोमॅटो, वांगी, मिरची यांना याहून कितीतरी अधिक प्रकाश लागतो. शिवाय टोमॅटो-वांग्याची कोवळी रोपे खाण्याजोगी नसतात.

पाणी खालच्या ताटलीत ओतावे, ते कोकोपीट शोषून घेते. अर्ध्या तासाने उरलेले पाणी न विसरता फेकावे. डेंग्यू पसरवणारा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. पावसाळ्यात कुंड्यांखालच्या ताटल्या तपासायला पालिकेचे लोक येतात, ते उगाच नव्हे.

कापणी कात्रीने, मातीच्या वर बोटभर अंतर सोडून करावी. मूळ आणि बी खाण्यात येऊ न देणे हा यातला महत्त्वाचा भाग आहे. ओल्या उबेत बियांवरचे जंतूही बीजाबरोबर वाढतात. जर्मनीत २०११ साली दूषित मोडांमुळे ई. कोलाय जंतूंची साथ आली. जवळपास चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. तपासाचा माग इजिप्तहून आलेल्या मेथीच्या बियांपर्यंत पोहोचला होता. आपल्याकडे मोडांची उसळ शिजते, हा फार मोठा आधार आहे. कापलेला पाला चांगला धुवावा. घरात गर्भवती, तान्ही मुले, वयोवृद्ध किंवा कर्करोगाचे उपचार घेणारे कोणी असेल, तर त्यांच्यासाठी तो आमटीत वा पराठ्यात शिजवूनच द्यावा. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी हिरवा पाला एकाएकी वाढवण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. पाल्यातील के जीवनसत्त्व त्या औषधाचा परिणाम कमी करते.

उत्पन्नाचा हिशेबही आधीच मांडलेला बरा. जेवणाच्या ताटाएवढ्या ट्रेमधून एका वेळी मूठ-दोन मुठी पाला निघतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाकाठी किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या सुचवते. तेव्हा मंडईतली माठ-चवळीची जुडी सुटत नाही. दर तीन दिवसांनी एक ट्रे पेरत गेल्यास चौघांच्या ताटात डाव्या बाजूला रोज चिमूटभर ताजे हिरवे येते, एवढेच. आणि जी मुले पालेभाजी पाहून नाक मुरडतात, ती स्वतः पेरलेले अळीव बहुधा चाखून तरी पाहतात.

कापणीनंतर मुळांसकट उरलेले कोकोपीट बाहेरच्या कुंडीत मिसळावे, ट्रे साबणाने घासून उन्हात कोरडा करावा आणि मगच पुन्हा भरावा. पावसाळ्यात ऊन नसेल, तर एक ट्रे कमी पेरावा.