प्रसूतीनंतरचे वजन आणि मातेचे आरोग्य : दैनंदिन सवयींच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

मातृत्व ही स्त्रीच्या जीवनातील महत्त्वाची अवस्था मानली जाते. गर्भारपणात स्त्रीकडे कुटुंबाचे व वैद्यकीय यंत्रणेचेही लक्ष असते. प्रसूती होताच मात्र हे लक्ष बाळाकडे वळते. बाळाचे वजन दर महिन्याला नोंदवले जाते. मातेचे वजन, रक्तदाब किंवा हिमोग्लोबिन यांची नोंद क्वचितच ठेवली जाते. वर्ष-दीड वर्षाने 'बाळंतपणानंतर अंग सुटले' एवढ्या एका वाक्यात तिच्या शरीरातील सर्व बदलांची वासलात लावली जाते.

प्रसूतिविषयक ज्ञानाची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेताना आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच विषय आपल्या प्रबंधासाठी निवडला होता. आयुर्वेदात 'सूतिका परिचर्या' असा स्वतंत्र विचार आढळतो व सूतिकाकाल सुमारे दीड महिन्याचा मानला जातो. मराठी घरांतील 'सव्वा महिना' आणि आधुनिक वैद्यकशास्त्रातील सहा आठवडे हे कालखंडही एकमेकांच्या जवळचे आहेत. म्हणजेच या काळात स्त्रीच्या शरीराला विश्रांती व पोषण हवे, याबाबत परंपरा व विज्ञान यांच्यात एकमत आहे. प्रश्न उभा राहतो तो सव्वा महिन्यानंतरच्या जीवनाचा. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार केलेला आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१. गर्भारपणात वाढलेल्या वजनाचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. बाळंतिणीच्या पारंपरिक आहाराचा आजच्या जीवनपद्धतीच्या संदर्भात विचार करणे.
३. वजन आटोक्यात ठेवणाऱ्या दैनंदिन सवयींचे विवेचन करणे.
४. या संदर्भात कुटुंब व शिक्षणसंस्था यांची जबाबदारी मांडणे.

प्रस्तुत विवेचन दुय्यम साधनांवर आधारलेले असून त्यात वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केलेला आहे.

गर्भारपणात वाढलेल्या वजनाचे स्वरूप :

गर्भारपणात वाढणारे सर्वच वजन म्हणजे चरबी नव्हे. बाळ, वार, गर्भजल, मोठे झालेले गर्भाशय, वाढलेले रक्त, शरीरातील जादा पाणी आणि स्तनपानासाठी साठवलेली चरबी या सर्वांचा त्यात वाटा असतो. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळचे वजन योग्य असलेल्या स्त्रीचे वजन गर्भारपणात ११.५ ते १६ किलो वाढणे अपेक्षित आहे. मूळचे वजन जास्त असल्यास ही वाढ ७ ते ११.५ किलो असावी, तर कृश स्त्रीच्या बाबतीत ती १२.५ ते १८ किलोपर्यंत असावी.

प्रसूतीच्या वेळी यांपैकी साधारणपणे पाच ते सहा किलो वजन कमी होते. पुढील काही दिवसांत शरीरातील जादा पाणी बाहेर पडून आणखी दोन-तीन किलो घटतात. प्रसूतीनंतर सुमारे एक किलो वजनाचे असलेले गर्भाशय सहा आठवड्यांत आकुंचन पावून शंभर ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचे होते. यानंतर जे शिल्लक राहते ती मुख्यतः चरबी होय. ती नऊ महिन्यांत साठलेली असल्याने नऊ आठवड्यांत जावी अशी अपेक्षा करणे शास्त्रीयदृष्ट्या योग्य नाही. सहा महिने ते एक वर्ष हा कालावधी त्यासाठी वाजवी मानला जातो.

हे वजन उतरले नाही तर ते पुढील गर्भारपणात मूळ वजन म्हणून सोबत जाते व दुसऱ्या प्रसूतीनंतर त्यात आणखी भर पडते. भारतीयांमध्ये पोटाभोवती चरबी साठण्याची प्रवृत्ती अधिक असल्याने शरीरभार निर्देशांक २३ च्या पुढे गेल्यास जादा वजन व २५ च्या पुढे गेल्यास स्थूलता मानण्यात येते. स्त्रियांच्या कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असावा, असेही सुचवले जाते.

पारंपरिक आहार : गुण आणि मर्यादा

डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथीचे लाडू, खारीक-खोबरे, जेवणानंतर बाळंतशेपा व ओवा हा बाळंतिणीचा आहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. अळिवात लोह असते. मेथीत तंतुमय पदार्थ असतात. ओवा व शेपा पचनास साहाय्य करतात, असा अनुभव आहे. हा आहार टाकाऊ ठरवणे म्हणजे अनुभवसिद्ध शहाणपणाकडे पाठ फिरवणे होय.

तथापि हा आहार ज्या जीवनपद्धतीत निर्माण झाला ती आज उरलेली नाही. सव्वा महिन्यानंतर स्त्री पुन्हा जात्यावर, विहिरीवर आणि शेतात राबत असे. तूप-गुळातून मिळालेली ऊर्जा त्या श्रमांत खर्ची पडत असे. आज लाडू राहिले, श्रम मात्र गेले. तूप, खोबरे, खारीक व गूळ प्रत्येकी दहा ग्रॅम घेऊन केलेल्या एका लाडवातून सुमारे २२० किलोकॅलरी मिळतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार पहिले सहा महिने स्तनपान देणाऱ्या मातेला दररोज सुमारे ६०० व पुढील सहा महिने ५२० किलोकॅलरी अधिक ऊर्जा लागते. सकाळ-संध्याकाळ एकेक लाडू, वाटीभर खीर आणि भातावर सढळ हाताने तूप एवढ्यानेच ही मर्यादा ओलांडली जाते. शिवाय नेहमीच्या जेवणातही 'दोघांचे खा' असा आग्रह सुरूच असतो.

याच मातेला दररोज सुमारे १७ ग्रॅम जादा प्रथिने लागतात. ती लाडवातून पुरेशी मिळत नाहीत. डाळी, मोड आलेली कडधान्ये, दूध, दही, अंडी, मासे यांचा आहारात समावेश आवश्यक ठरतो. काही घरांत बाळंतिणीला पालेभाज्या, फळे व पुरेसे पाणीही वर्ज्य मानले जाते. या समजुतीला शास्त्रीय आधार नाही. उलट त्यामुळे बद्धकोष्ठता व अशक्तपणा वाढतो.

वजन जास्त म्हणजे पोषण चांगले, असेही समजण्याचे कारण नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल होत्या. त्याच वेळी ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात रक्तक्षयाचे प्रमाण ५४ टक्के होते. म्हणून वजन कमी करण्यासाठी जेवण सोडणे हा मार्ग बाळंतिणीसाठी धोक्याचा आहे. प्रसूतीनंतर १८० दिवस लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्या घेण्याची सरकारी कार्यक्रमातील शिफारस अनेक सुशिक्षित घरांतही पाळली जात नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

दैनंदिन सवयींचे महत्त्व :

अ) आहाराच्या सवयी : घरातील सर्वांचे झाल्यावर उरलेले संपवणे आणि नंतर बाळाच्या वाटीतील उष्टे खाणे, या दोन सवयींमुळे मातेच्या खाण्याला वेळही राहत नाही व मोजमापही राहत नाही. ठरावीक वेळी, ताट वाढून घेऊन बसून जेवणे ही साधी वाटणारी गोष्ट सर्वाधिक परिणामकारक ठरते. अर्धे ताट भाजी व कोशिंबीर, पाव ताट भाकरी किंवा भात आणि पाव ताट वरण-उसळ असे प्रमाण ठेवता येते. ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी पोटभरीची असते. डिंकाचा लाडू खायचाच असल्यास तो न्याहारीचा भाग म्हणून एकच खावा. जेवणासोबत चहा घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते. याउलट लिंबू पिळल्यास ते वाढते.

आ) स्तनपान : स्तनपानासाठी शरीर साठवलेली चरबी वापरते, त्यामुळे वजन उतरण्यास मदत होते. मात्र भूकही वाढत असल्याने केवळ स्तनपानाने प्रत्येकीचे वजन घटेलच असे नाही. 'आहार कमी केला तर दूध आटेल' ही भीती सार्वत्रिक आहे. या संदर्भात २००० साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला अमेरिकेतील अभ्यास उल्लेखनीय आहे. जादा वजनाच्या ४० स्तनदा मातांपैकी एका गटाने प्रसूतीनंतरच्या चौथ्या ते चौदाव्या आठवड्यात आहारात दररोज ५०० किलोकॅलरी कपात केली व आठवड्यातून चार दिवस व्यायाम केला. त्यांचे वजन सरासरी ४.८ किलो, तर दुसऱ्या गटाचे ०.८ किलो घटले. दोन्ही गटांतील बालकांच्या वाढीत मात्र फरक आढळला नाही. आठवड्याला साधारण अर्धा किलो ही घट सुरक्षित आहे, असा याचा अर्थ होय. मात्र हा निष्कर्ष कृश किंवा रक्तक्षय असलेल्या मातेला लागू करता येणार नाही.

इ) व्यायाम : नैसर्गिक प्रसूतीनंतर काही दिवसांतच हळूहळू चालणे सुरू करता येते. शस्त्रक्रियेने प्रसूती झाल्यास चालणे डॉक्टरांच्या सल्ल्याने व जोरकस व्यायाम सहा ते आठ आठवड्यांनंतर सुरू करावा. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या पाहणीनुसार सुमारे २५ टक्के प्रसूती शस्त्रक्रियेने झाल्या, हे लक्षात घेता या सूचनेचे महत्त्व मोठे आहे. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात ते काही सेकंद आवळून सैल सोडणे, हा ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम अंथरुणातही करता येतो. पोटपट्ट्याने आधार वाटतो. पण चरबी जात नाही. पोटाचे मधले स्नायू विलग झाले असल्यास घाईने उठाबशा काढणे अपायकारक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवलेली आहे. बाळाला घेऊन रोज दोनदा प्रत्येकी पंधरा मिनिटे फिरल्यास ती पाच दिवसांत सहज पूर्ण होते.

ई) झोप व मनःस्वास्थ्य : २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, बाळ सहा महिन्यांचे असताना दिवसाला पाच तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्या मातांमध्ये वर्षअखेरीस पाच किलो वा अधिक वजन शिल्लक राहण्याचे प्रमाण जास्त आढळले. अपुऱ्या झोपेने गोड व तेलकट पदार्थांची ओढ वाढते. म्हणून बाळ झोपले असता घरकाम न उरकता मातेनेही झोपावे. उदासीनता दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

उ) वैद्यकीय तपासणी : गर्भारपणात मधुमेह झालेल्या स्त्रीला पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असतो. सहा आठवड्यांनी रक्तशर्करेची तपासणी करणे आणि ती पुढेही करत राहणे अत्यावश्यक आहे. वजन अजिबात हलत नसल्यास थायरॉईडची तपासणीही करावी. वजन घटवणारी चूर्णे, काढे किंवा अलीकडे चर्चेत असलेली इंजेक्शने स्तनपानाच्या काळात स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

कुटुंब व संस्थांची जबाबदारी :

वरील प्रत्येक सवयीसाठी मातेला वेळ लागतो आणि तो तिच्यापाशी नसतो. त्यामुळे हा प्रश्न केवळ तिच्या इच्छाशक्तीचा नाही. पतीने अर्धा तास बाळ सांभाळले तर तिचे चालणे होते. सासूबाईंनी ताट आधी वाढले तर तिचे जेवण वेळेवर होते. २०१७ च्या कायदेदुरुस्तीने मातृत्व रजा १२ वरून २६ आठवडे झाली व ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची तरतूद बंधनकारक झाली. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही या तरतुदी कायम आहेत. महाविद्यालयांनीही स्तनपानासाठी स्वतंत्र खोली, रजेनंतर रुजू झालेल्या अध्यापिकांसाठी सोयीचे वेळापत्रक व महिला विकास कक्षामार्फत आरोग्य तपासणी यांचा विचार करावयास हवा.

समारोप :

प्रसूतीनंतरचे वजन हा रूपाचा नव्हे, तर आरोग्याचा प्रश्न आहे. 'पूर्वीसारखी बारीक हो' असा दबाव आणि 'आता आई झालीस, चालायचेच' अशी उपेक्षा, या दोन्ही टोकांपासून मातेला दूर ठेवणे गरजेचे आहे. पारंपरिक आहाराचे प्रमाण बदलून, नियमित चालण्याची जोड देऊन आणि झोप व तपासणी यांकडे लक्ष पुरवून वर्षभरात वजन आटोक्यात आणता येते. त्यासाठी बाळाच्या लसीकरणाच्या कार्डाशेजारी मातेच्या वजनाची, रक्तदाबाची व हिमोग्लोबिनची नोंद ठेवणारे एक पान प्रत्येक घरात असावे. मातेकडे पुन्हा लक्ष वळवण्याची सुरुवात या एका पानापासून करता येईल.