पट्टेरी मासा : आधी पट्टे मोजा, मग नाव ठेवा

दिवाळीची सुट्टी लागली की समुद्राकडे निघालेल्या सातारा-कराडच्या गाड्या कुंभार्ली घाट उतरतात, सांगलीच्या आंबा घाट. परतताना फोनमध्ये एक व्हिडिओ हमखास असतो : खडकावर फुटलेली लाट, फेस आणि त्यात क्षणभर चमकलेला पट्टेरी मासा. मग घरी आल्यावर वाद सुरू होतो, मासा कोणता?

गैरसमज : पट्टे आहेत, म्हणजे 'झेब्रा मासा'.
वस्तुस्थिती : झेब्रा मासा गोड्या पाण्यातला, जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा. त्याचे पट्टे डोक्याकडून शेपटीकडे आडवे जातात. मालवणच्या खडकांपाशी घोळक्याने फिरतो तो बहुधा सार्जंट मासा. त्याचे पट्टे पाठीकडून पोटाकडे, म्हणजे उभे. पाच काळे पट्टे आणि पाठीवर पिवळी झाक असेल, तर तो इंडो-पॅसिफिक सार्जंट. पट्टे सहा-सात आणि अरुंद असतील, तर बंगाल सार्जंट. सैन्यातल्या सार्जंटच्या बाहीवरच्या फितींवरून हे नाव पडलं.

गैरसमज : खडकावरून खाली पाहिलं की ओळख पटते.
वस्तुस्थिती : किनाऱ्यालगत टेरापॉन नावाचा रुपेरी मासा असतो. बाजूने पाहिलं तर त्याच्या अंगावर कमानदार काळ्या रेघा दिसतात. वरून मात्र त्याच रेघा नेमबाजीच्या फळ्यावरच्या वर्तुळांसारख्या भासतात. म्हणून मासा कडेने दिसेल असं, ओहोटीत खडकांच्या खळग्यात अडकलेलं स्वच्छ पाणी शोधा.

गैरसमज : एवढासा मासा, हातात धरला तर काय होतं?
वस्तुस्थिती : सार्जंट विषारी नाही. पण आडव्या पांढरट रेघांच्या, मिशा असलेल्या पट्टेरी माशाच्या परांतले काटे विषारी असतात. वाळूवर मरून पडलेलाही उचलू नका. काटा लागलाच, तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि डॉक्टर गाठा.

गैरसमज : फोन वॉटरप्रूफ आहे, बुडवला तरी चालतो.
वस्तुस्थिती : 'आयपी ६७' म्हणजे १ मीटर खोल, ३० मिनिटं, तेही गोड्या, स्थिर पाण्यात. खारं पाणी आणि लाटेचा मारा त्या चाचणीत नसतो. फोन कोरडाच ठेवा. पोलराइज्ड गॉगलची काच लेन्ससमोर धरून हळूहळू फिरवा. पाण्यावरची चकाकी विरते आणि तळाचे मासे दिसू लागतात. स्लो मोशन लावलं, तर पट्टे नंतर निवांत मोजता येतात.

गैरसमज : पाव टाकला की चांगलं शूटिंग मिळतं.
वस्तुस्थिती : मिळते ती झुंबड. शेवाळ टिपणं, खडकाला चिकटवलेल्या अंड्यांवर नराने पहारा देणं, हे सार्जंटचं खरं वागणं मग दिसतच नाही. शिवाय मालवणचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे.

गैरसमज : सांगलीच्या आयर्विन पुलावरून कृष्णेत उडी मारणाऱ्याला समुद्राचं काय भय?
वस्तुस्थिती : नदीची ओढ एका दिशेची. लाट आधी खडकावर आपटते, मग मागे खेचते. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे कालचं घड्याळ आज चालत नाही. वेळ गावातल्या मच्छीमारांना विचारा. आधी दहा मिनिटं लांबून लाटा पाहा. ओला खडक म्हणजे तिथवर लाट येते. समुद्राकडे पाठ करू नका आणि पाणी चढायच्या आत परत फिरा.

मासा उद्याही तिथेच असेल. एका व्हिडिओपायी ओल्या खडकावर पाय ठेवू नका.