चांदोरचं घर: एक जिना, दोन दारं

गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या चांदोर गावात चर्चच्या मोकळ्या जागेपाशी उभं राहिलं की समोरचं घर एका नजरेत मावत नाही. वरच्या मजल्यावर एका रांगेत वीसहून अधिक उंच खिडक्या, प्रत्येकीपुढे कठडा. खालचा मजला मात्र अगदी साधा. थाट सगळा वरती, कारण राहणं, नाचणं, पाहुणे, प्रार्थना हे सारं वरतीच. मधोमध एकच जिना. तो चढून गेलं की दोन दारं लागतात. पूर्वेकडचा भाग ब्रागांझा परेरांचा, पश्चिमेकडचा मिनेझिस ब्रागांझांचा. बाहेरून एक दिसणारं हे घर आत दोन घराण्यांत वाटलं गेलेलं आहे.

घराचा सर्वांत जुना भाग सोळाव्या-सतराव्या शतकातला सांगतात. पुढच्या पिढ्यांनी तो वाढवत नेला. घराणं मूळचं हिंदू, बाटल्यानंतर ब्रागांझा झालेलं. म्हणून याला सरसकट ‘पोर्तुगीज घर’ म्हणणं मला पटत नाही. चिरे इथल्या मातीतले, चुना इथला, पाऊस इथला आणि बांधणारे हातही इथलेच. युरोपातून आली ती हौस. इटलीचा संगमरवर, स्फटिकाची झुंबरं, मकावहून जहाजांनी आलेली चिनी मातीची भांडी असं बरंच काही आत आहे. पूर्वेकडच्या नृत्यदालनात पोर्तुगालचा राजा दों लुईश याने दिलेल्या दोन खुर्च्या आहेत. त्याच भागातल्या खाजगी प्रार्थनाघरात सेंट फ्रान्सिस झेवियरचं नख जपून ठेवलंय.

पश्चिमेकडे गेलं की मात्र राजाच्या खुर्च्यांचा विसर पडतो. हे लुईश द मिनेझिस ब्रागांझा (1878–1938) यांचं आजोळकडून आलेलं घर. 1900 मध्ये ‘ओ हेराल्दो’ हे गोव्यातलं पहिलं पोर्तुगीज दैनिक सुरू झालं, त्यात त्यांचा हात होता. 1911 मध्ये त्यांनी ‘ओ देबाते’ काढलं. 1930 मध्ये लिस्बनने वसाहतींसाठी कायदा केला, तेव्हा गोव्याला स्वयंनिर्णयाचा हक्क आहे, असा ठराव त्यांनी विधिमंडळात मांडला. राज्यकर्त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच सभागृहात. त्यांचा सुमारे पाच हजार पुस्तकांचा संग्रह या घरात आहे. झुंबरांपेक्षा मला ही कपाटं मोलाची वाटतात. पणजीतल्या जुन्या ‘इन्स्टिट्यूट वास्को द गामा’ला गोव्याच्या मुक्तीनंतर त्यांचंच नाव दिलं गेलं.

आता जपणुकीकडे वळू. त्यासाठी एकच खिडकी जवळून पाहावी. जुन्या गोमंतकीय घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी शिंपले असत. लाकडी पट्ट्यांच्या खाचांत चौकोनी कापलेले, कागदासारखे पातळ शिंपले ओळीने सरकवायचे. एक फुटला तर तेवढाच बदलायचा. ऊन आत येताना दुधाळ होऊन येतं, डोळ्यांवर येत नाही. काचेपेक्षा हे या हवेला जास्त सोयीचं. पण शिंपला मिळवायचा कुठून? हा शिंपला देणारा कालव चिखलीच्या खाडीसारख्या मोजक्या जागी उरलाय आणि 2001 पासून तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. यादीत तो असावा यात वादच नाही. पण मग फुटलेल्या शिंपल्याच्या जागी एक तर काच बसते, नाही तर पडक्या घराच्या खिडकीतून काढलेला जुना शिंपला. एक घर दुरुस्त करायला दुसरं पडावं लागतं!

छपराचं दुखणं वेगळं. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. उन्हाळ्यात कौलं परतली नाहीत की वाशात पाणी मुरतं, मागोमाग वाळवी येते. भिंतीला सिमेंटचा गिलावा हा तर शुद्ध अविचार. चिरा ओल घेतो आणि सोडतो. चुना ती बाहेर जाऊ देतो, सिमेंट कोंडून ठेवतं. मग गिलाव्याचे पोपडे निघतात आणि आतला चिरा भुसभुशीत होतो. चुन्याचं काम जाणणारा गवंडी आज सहज मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही.

याहून अवघड दुखणं कागदावरचं आहे. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला वारसा कायदा चालतो. मुलगा-मुलगी समान वारस, आणि अर्धी मिळकत मृत्युपत्रानेही त्यांच्यापासून काढून घेता येत नाही. न्याय्यच आहे. पण वारस लिस्बन, लंडन, टोरांटोला पांगले की छपराच्या मोठ्या कामासाठी सह्या कोण गोळा करणार? गोव्यात कुलपं लावलेली कितीतरी घरं अशी सहीविना कोसळली. चांदोरचं घर टिकलं, कारण त्यात माणसं राहत राहिली.

याच गावात, कोट भागात, शिरच्छेद झालेला एक नंदी आहे. चांदोर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंबांची राजधानी. जेझुइट इतिहासकार फादर हेरास यांनी 1929 च्या सुमारास इथे उत्खनन केलं आणि शिवमंदिराचा पाया उजेडात आणला. ती जागा आज भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. पडलेल्या मंदिराची काळजी सरकारने घ्यायलाच हवी. पण उभ्या, नांदत्या घराचा भार राहणाऱ्यांनीच वाहायचा, हा हिशेब काही बरोबर नाही. अशा घरांना चुना, लाकूड, कारागीर यांसाठी सरळ अनुदान हवं आणि वारसांच्या सह्यांवाचून छप्पर वाचवण्याची कायदेशीर वाट हवी.

तोवर आपल्या हातात थोडं आहे. चांदोरच्या या घराला सरकारी तिकीटखिडकी नाही. पाहुणे ऐच्छिक देणगी देतात आणि घरातलीच माणसं घर दाखवतात. दोन्ही दारं वेगळी, म्हणून देणगीही दोन्हीकडे द्यावी लागते. हे पैसे कौलांवर आणि वाशांवर जातात. जाल तेव्हा वीस-पन्नासची नोट पुढे करू नका. मडगावात मासळीच्या थाळीला जेवढे मोजाल, निदान तेवढे तरी द्या.