औषध आणि पुरावा (लेखांक ९) : पुरुषांची न बोललेली दुखणी

मागच्या लेखांकात रक्तदाबाच्या गोळ्यांचा विचार केला. आजचा विषय घरात निघत नाही, मित्रांत निघाला तर चेष्टेवारी जातो आणि डॉक्टरांसमोर ओठांवर येऊन परत फिरतो. लघवी अडखळत होणं, रात्री चार-चारदा उठावं लागणं, संबंधाच्या वेळी ताठरता न येणं किंवा न टिकणं, वीर्यपतन लवकर होणं, आणि तरुण पोरांना पोखरणारी ती जुनी धास्ती, ‘धातू जाते’. तीर्थपुरीसारख्या बाजारपेठेच्या गावातल्या माणसाला या तक्रारींचं उत्तर बहुधा दवाखान्याआधी जाहिरातीत भेटतं. गुप्तरोग, मर्दानी ताकद, शर्तिया इलाज, खाली मोबाइल नंबर. पुढे पैसे गेले आणि गुण आला नाही, तरी तो माणूस तक्रार करत नाही. कोणाला सांगणार आणि काय म्हणून सांगणार? त्यामुळे फसलेल्यांची कुठेच नोंद राहत नाही आणि गुण आल्याच्या कहाण्या तेवढ्या फिरत राहतात.

अशा जाहिरातींना कायद्याने बंदी आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. १९५४ चा ‘औषधे व जादूटोणा उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ लैंगिक क्षमता वाढवण्याच्या दाव्याची जाहिरातच गुन्हा ठरवतो. त्याच्या परिशिष्टात नपुंसकत्व आहे, प्रोस्टेटचे विकार आहेत, मुतखडा आणि मधुमेहही आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. सत्तर वर्षांचा कायदा हाताशी असताना तोच मजकूर आता मोबाइलच्या पडद्यावर आलाय, याचा मला मनापासून संताप येतो.

जाहिरातवाला मोकळा फिरतो, पण खरी माहिती देणाऱ्याला मात्र याच महाराष्ट्रात कोर्टात उभं राहावं लागलं होतं. र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालवलं. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरं दिली, म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरले आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. हस्तमैथुनाने शरीर खंगत नाही हे कर्वे तेव्हा सांगत होते, आजचं वैद्यकही तेच सांगतं. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब होतो, या समजुतीला शरीरशास्त्रात कसलाही आधार नाही. शुक्रजंतू वृषणात रोज, अखंड तयार होत असतात. १९६० मध्ये मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी या धास्तीच्या आजाराला ‘धात सिंड्रोम’ असं नाव दिलं. त्यावरचा उपचार म्हणजे नीट समजावून सांगणं, आणि सोबत चिंता किंवा नैराश्य असेल तर त्याची औषधं. ताकदीच्या चूर्णाचा इथे काही संबंध नाही.

आता कसोटीकडे वळू. औषध लागू पडतं हे ठरवायचं तर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करतात. एकाला औषध, दुसऱ्याला हुबेहूब तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला काय मिळालं हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. पुरुषांच्या या दुखण्यांत ही काळजी फारच गरजेची ठरते, कारण इथे मनाचा वाटा मोठा असतो. सिल्डेनाफिल हे औषध मुळात हृदयाच्या दुखण्यासाठी शोधत होते. ते ताठरतेसाठी किती उपयोगी पडतं याची चाचणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. औषध घेणाऱ्यांचे संबंधाचे १०० पैकी ६९ प्रयत्न यशस्वी झाले. बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांचे किती, तर २२. हा बाविसाचा आकडा लक्षात ठेवा. ‘मला गुण आला’ असं मनापासून सांगणारी माणसं साध्या गोळीलाही मिळतात, आणि ती खोटं बोलत नसतात. म्हणूनच औषधाची परीक्षा एकट्यादुकट्याच्या अनुभवावर होत नाही.

पण काही ‘शुद्ध आयुर्वेदिक’ किंवा ‘हर्बल’ कॅप्सूल तर अर्ध्या-एक तासात परिणाम दाखवतात, त्याचं काय? २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या औषध नियामकांना छुपी औषधं मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं सापडली. २०१८ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतली ३५३ लैंगिक शक्तीच्या नावाने विकली जात होती, आणि त्यांत सर्वाधिक वेळा आढळलेलं छुपं औषध होतं तेच सिल्डेनाफिल. म्हणजे वनस्पतीच्या नावाखाली ॲलोपॅथीची गोळीच, फक्त किती मिलिग्रॅम ते कोणालाच ठाऊक नाही.

यात जिवाला धोका आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी आपल्याकडे पुष्कळांच्या खिशात असते. सॉर्बिट्रेट आणि सिल्डेनाफिल ही दोन्ही औषधं रक्तवाहिन्या सैल करतात. ती एकत्र आली तर रक्तदाब एकदम कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि त्याच जातीच्या टॅडॅलाफिलनंतर ४८ तास सॉर्बिट्रेटच्या जातीचं औषध द्यायचं नसतं. छाती दुखू लागल्यावर दवाखान्यात पोचलेल्या माणसाने ‘ताकदीची’ कॅप्सूल खाल्ल्याचं लाजेपोटी लपवलं, तर डॉक्टर नेमकं तेच औषध देतील. हे घरातल्या मोठ्यांना सांगून ठेवा.

दुसरी बाब मला याहूनही मोलाची वाटते. चाळिशी-पन्नाशीत ताठरता कमी होणं हे पुष्कळदा रक्तवाहिन्यांच्या आजाराचं पहिलं लक्षण असतं. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा बारीक, त्यामुळे त्या आधी चोंदतात. हृदयाची तक्रार त्यानंतर दोन ते पाच वर्षांनी पुढे येते, असं अनेकांच्या बाबतीत दिसलंय. मधुमेह असलेल्या पुरुषांत तर निम्म्याहून थोड्या अधिक जणांना हा त्रास आढळतो. म्हणून या तक्रारीसाठी पहिली पायरी आहे शुगर, बीपी आणि कोलेस्टेरॉलची तपासणी. पहिल्या दोन तपासण्या तर प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतात. भोंदूकडे घालवलेलं वर्ष म्हणजे हृदयविकार वेळेत कळण्याचं हातचं गेलेलं वर्ष. सिगारेट, तंबाखू सोडणं आणि वजन उतरवणं हे उपदेशाचं बोलणं वाटेल, पण त्यालाही पुरावा आहे. २००४ मध्ये इटलीत लठ्ठ आणि हाच त्रास असलेल्या ११० पुरुषांवर दोन वर्षं चाचणी झाली. आहार आणि व्यायामाचं नेमकं मार्गदर्शन मिळालेल्या ५५ पैकी १७ जणांची क्षमता पूर्ववत झाली, नुसती वरवरची माहिती दिलेल्या ५५ पैकी तिघांचीच. यात एकाही गोळीचा हात नव्हता.

साठीनंतरचं दुखणं प्रोस्टेटचं. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली ही ग्रंथी वयाबरोबर वाढते आणि मूत्रमार्ग दाबते. पाश्चात्त्य देशांत यावर ‘सॉ पामेटो’ या ताडाच्या फळांचा अर्क लाखो लोक घेत आले. मग त्याची रीतसर परीक्षा झाली. २००६ मध्ये २२५ पुरुषांवर वर्षभर, आणि २०११ मध्ये ३६९ पुरुषांवर, नेहमीच्या तिप्पट मात्रेपर्यंत वाढवत नेऊन. दोन्ही वेळा अर्क आणि बिनऔषधाची गोळी यांत फरक दिसला नाही. दुसऱ्या चाचणीत दोन्ही गटांचा त्रास थोडा कमी झाला, म्हणजे अर्क घेऊन बरं वाटलेले लोक खरंच होते. पण तेवढं बरं त्यांना अर्काविनाही वाटलं असतं. आपल्याकडच्या गोखरू, मुसळी, शिलाजीत यांची एवढ्या कडक आणि मोठ्या प्रमाणावर परीक्षा झालेली नाही. ती व्हावी असं मला वाटतं, आणि होईपर्यंत त्यांच्या नावाने खात्री देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

परीक्षेला उतरलेली औषधं आहेत. टॅमसुलोसिन काही दिवसांतच धार मोकळी करतं. फिनास्टेराइड ग्रंथीचा आकार कमी करतं, पण त्याला सहा महिने द्यावे लागतात. २००३ मध्ये ३,०४७ पुरुषांवरच्या चाचणीत टॅमसुलोसिनच्याच जातीचं एक औषध आणि फिनास्टेराइड एकत्र दिल्यावर आजार बळावण्याचा धोका ६६ टक्क्यांनी घटला. टॅमसुलोसिन घेणाऱ्याने अंथरुणातून सावकाश उठावं, चक्कर येऊ शकते. आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही. या गोळीने डोळ्यातला बाहुलीभोवतीचा पडदा शस्त्रक्रियेच्या वेळी ढिला पडतो. जालन्याच्या गणपती नेत्रालयात किंवा एखाद्या शिबिरात मोतीबिंदूसाठी जाणाऱ्या आजोबांनी ही गोळी चालू असल्याचं, किंवा पूर्वी घेतली असल्याचं, डॉक्टरांना आधीच सांगावं. सर्जन तशी तयारी ठेवतात.

मुतखड्याबद्दल थोडक्यात, कारण मराठवाड्याच्या उन्हात ही तक्रार घरोघरी. १९९६ चा इटलीतला अभ्यास आहे. पहिला खडा होऊन गेलेल्यांपैकी एका गटाला दिवसाला निदान दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायला सांगितलं. पाच वर्षांत त्या ९९ पैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला, असं काही न सांगितलेल्या १०० पैकी २७ जणांना. ऊसतोडीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्याने म्हणूनच पाण्याचा कॅन फडाच्या टोकाला ठेवून जाऊ नये, हाताशी ठेवावा. खडा झाला म्हणून दूध-दही बंद करतात, तेही चुकीचं. २००२ च्या चाचणीत कॅल्शियम तोडलेल्या ६० पैकी २३ पुरुषांना खडा परत झाला, कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांस कमी केलेल्या ६० पैकी १२ जणांना.

काही प्रसंगांत थांबू नये. लघवी पूर्ण तुंबली, लघवीतून रक्त गेलं, मग ते न दुखता का असेना, खड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला, किंवा ताठरता चार तास उलटूनही उतरली नाही, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावं. बाकी तक्रारींसाठी डॉक्टरांकडे जाताना बोलायला जड जात असेल तर कागदावर लिहून न्या. काय होतं, कधीपासून, कोणती औषधं चालू आहेत, त्यांत जाहिरातीतली कॅप्सूलही. पत्नीलाही सोबत न्या, निम्मा प्रश्न तिचाही आहे.

पुढच्या लेखांकात प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीबद्दल : ती कोणी करावी, आणि कोणाला तिचा उपयोग नाही.