लेसर झालं, तपासणी संपली नाही

नांदेड-लातूरच्या रुग्णालयात काचेच्या पेटीत जगलेलं बाळ घरी येतं आणि सगळे निश्चिंत होतात. पण ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोपेक्षा हलक्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ३० दिवसांच्या आत तपासायलाच हवा. त्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढल्या, तर वेळीच केलेल्या लेसरने बहुतेकांची दृष्टी वाचते. मात्र यातल्या बऱ्याच मुलांना पुढे मोठ्या नंबरचा चष्मा लागतो, काहींना तिरळेपणा येतो. क्वचित तरुणपणीही पडदा सुटतो. एका डोळ्याला कमी दिसतं, हे मूल सांगत नाही. लहानपणी चष्मा मिळाला नाही, तर तो डोळा कायमचा मंद राहू शकतो. म्हणून दवाखान्याचे कागद जपा आणि दरवर्षी डोळे तपासून घ्या.