हरभऱ्याला पाणी किती?

अकोटच्या काळ्या, भारी जमिनीचा कास्तकार पाण्याला सहसा नाही म्हणत नाही. मीही म्हणालो नव्हतो. विहिरीला पाणी होते, म्हणून एका हंगामात हरभऱ्याला चार ओलिते दिली. पीक मांडीला लागले. येणारे-जाणारे थांबून पाहायचे. मळणीला मात्र आदल्या वर्षापेक्षा पोती कमीच भरली. झाड माजले होते, घाटे थोडेच धरले होते.

असे का होते? हरभऱ्याचे मूळ खोल जाते आणि पावसाळ्यात मुरलेली ओल शोधून काढते. शिवाय मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र झाडाला देतात. त्यांना मातीत हवा लागते. भारी जमीन पाणी धरून ठेवते. त्यावर आणखी पाणी सोडले की मातीतली हवा निघून जाते, गाठी मंदावतात, झाड पिवळे पडते.

म्हणून पाणी किती, यापेक्षा केव्हा, हे महत्त्वाचे. एकच ओलित शक्य असेल, तर ते फुले येण्याच्या थोडे आधी द्यावे. दोन जमत असतील, तर दुसरे घाटे भरताना. ऐन फुलोऱ्यात पाणी दिले तर फुले गळतात. जमिनीला भेगा पडेपर्यंतही थांबू नये. भेगांतून पाणी खाली पळते आणि मुळे तुटतात.

आपल्या तालुक्याची आणखी एक गोष्ट. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी पाणी गोडे. दक्षिणेला पूर्णेकडे गेलो की खारपाणपट्टा. तिथल्या विहिरीचे खारे पाणी हरभऱ्याला सोसत नाही. त्यातल्या सोडियममुळे माती चिकट होते, वाळली की दगडासारखी, आणि निचरा थांबतो. त्या पट्ट्यात पावसाची ओल जपणे आणि शेततळ्यातले गोडे पाणी एका संरक्षित ओलितासाठी राखणे, हाच मार्ग.

शेजाऱ्याचा पंप सुरू झाला म्हणून आपला सुरू करू नका. वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबा. गोळा झाला आणि टिकला, तर अजून थांबा. भुगा झाला, तर पाणी द्या. चार ओलिते देऊन जे शिकलो, ते मुठीभर मातीने आधीच सांगितले असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)