आकुर्डीची चेतक पुन्हा चालू होते तेव्हा

जुनी चेतक स्कूटर रंगवून घेणं सोपं आहे. पैसे मोजले की चिंचवड-भोसरीत पावडर कोटिंग होतं, नव्यासारखं क्रोम चढतं, सीटही शिवून मिळते. कस लागतो तो पहिल्या किकला. वीस-वीस वर्षं बंद राहिलेल्या इंजिनाने आवाज दिला तर गाडी जिवंत झाली म्हणायचं. नाही तर ती दिवाणखान्यात ठेवायची शोभेची वस्तू.

पिंपरी-चिंचवडमध्ये या किकला जास्त अर्थ आहे, कारण ही गाडी इथल्याच आकुर्डीच्या कारखान्यातली. बजाज ऑटो आधी इटलीच्या पियाजिओच्या परवान्यावर व्हेस्पा बनवत असे. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं. पुढची तीन दशकं तिने मध्यमवर्गाचा संसार वाहिला. किती गाड्या बनवायच्या हे सुरुवातीची बरीच वर्षं सरकारी परवान्यावर ठरे, त्यामुळे नाव नोंदवलं की वर्षानुवर्षं वाट पाहायची. अशी वाट पाहून घेतलेली गाडी कोणी सहजासहजी भंगारात देत नाही. निगडी प्राधिकरणातल्या बंगल्यांच्या मागे, चिंचवडच्या जुन्या सोसायट्यांच्या जिन्याखाली आजही ताडपत्रीखाली चेतक सापडतात त्या यामुळेच.

अशी गाडी उघडली की आधी टाकी बघायची. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर झालेला असतो, आतून गंज धरलेला असतो. टाकीत नटबोल्ट घालून ती हलवत गंज काढण्याची जुनी रीत अजून चालते. कार्बोरेटरचे जेट त्याच राळेने बुजलेले असतात. ते तारेने टोचू नयेत. भोक एवढंसं जरी मोठं झालं तरी मिश्रणाचं गणित बिघडतं. पेट्रोलमध्ये भिजवून हवेच्या झोताने साफ करणं हाच मार्ग.

मग इंजिन. बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ५७ मिलिमीटर, म्हणजे साधारण १४५ सीसी. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक. बघायला साधं, पण त्याचा सगळा जीव हवाबंदपणात आहे. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी क्रँकच्या घरात येतं आणि तिथून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. त्या घराला दोन्ही बाजूंनी रबरी ऑइल सील असतात. बंद गाडीत हे सील कडक होऊन चिरतात. मॅग्नेटच्या बाजूचा सील गेला तर बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप चढत जातं आणि शेवटी पिस्टन सीझ होतो. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल आत ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात. नवं ब्लॉक-पिस्टन घालून जुने सील तसेच ठेवणं म्हणजे खर्च वाया घालवणं, हे माझं ठाम मत आहे.

त्याहून नाजूक जागा क्रँकवर आहे. व्हेस्पाच्या घराण्यातल्या या इंजिनात क्रँकचं गोल पातंच झडपेचं काम करतं. पातं आणि केसिंग यांत केसाएवढी फट असते. दमट हवेत तिथे गंज चढतो, आणि तो न बघता कोणी जोर लावून किक मारली तर केसिंगवर ओरखडा उठतो. तो ओरखडा पुन्हा भरून येत नाही. चांगला मिस्त्री म्हणूनच आधी प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडतो, एक-दोन दिवस थांबतो, मग मॅग्नेट हाताने फिरवून बघतो. इंजिन हाताला मोकळं लागल्याशिवाय तो किकवर पाय ठेवत नाही.

ठिणगीचं काम पॉइंट आणि कंडेन्सरचं. पॉइंटवर काळा थर बसतो, तो बारीक पॉलिश पेपरने घासायचा, फट फीलर गेजने लावायची. प्लग काढून हेडला टेकवून किक मारली आणि निळी, टणक ठिणगी दिसली की अर्धी लढाई जिंकली. पिवळी, मरतुकडी ठिणगी दिसली तर कंडेन्सर बदलावा.

पेट्रोलचा प्रश्न मात्र नवा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबराला सोसत नाही. त्यामुळे नळी, फ्लोटची सुई, कॉकचं वायसर, सगळं इथेनॉल सोसणारं घ्यावं आणि गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्बोरेटर रिकामा करावा. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल आठवणीने मिसळायचं. नव्या बोअरसाठी सुरुवातीला ते थोडं जास्तच असावं.

इतकं झालं की किकची वेळ येते. कॉक उघडायचा, चोक ओढायचा, स्विच बंद ठेवून हलक्या किका मारत मिश्रण आत घ्यायचं. गाडी एका बाजूला कलती करण्याची सवय कित्येक घरांत होती. पेट्रोल पुढे सरकावं म्हणून केलेली ती युक्ती कोरड्या कार्बोरेटरला आजही लागू पडते. मग स्विच चालू करून पूर्ण किक. पहिल्यांदा बहुधा एक ठसका येतो आणि इंजिन बंद पडतं. पुन्हा किक. मग एकदम तो फटफट आवाज, आणि जोडताना लावलेलं ऑइल जळून निळसर धूर अंगणभर. हा धूर काही मिनिटांत ओसरायला हवा. ओसरला नाही तर सील पुन्हा बघावे. आनंदाच्या भरात अ‍ॅक्सिलरेटर पिळू नये. इंजिन गार होऊ द्यावं, हेडचे नट पुन्हा आवळावेत आणि पहिले काही शे किलोमीटर गाडी सांभाळून चालवावी. डाव्या मुठीतल्या गिअरच्या दोन केबली जुळवायला सर्वांत जास्त चिकाटी लागते. तो अंदाज पुस्तकात नाही, हातात असतो.

हे हात याच शहरात आहेत, आणि मला या विषयाचं खरं मोल तिथे दिसतं. आकुर्डीच्या प्रकल्पातलं वाहन उत्पादन २००७ मध्ये थांबलं. २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटरच सोडण्याचा निर्णय जाहीर केला. चेतक हे नाव विजेवर चालणारी गाडी म्हणून परतलं आणि २०२२ मध्ये तिच्यासाठी आकुर्डीतच नवा कारखाना उभा राहिला. त्या गाडीला किक नाही, धूर नाही, आणि ते योग्यच आहे. पण कारखान्यात आणि आजूबाजूच्या लेथच्या शेडमध्ये ज्यांनी या इंजिनांवर उमेदीची वर्षं घालवली, ती पिढी आता साठी-सत्तरीत आहे. सुटे भाग पुण्याच्या नाना पेठेत, किंवा रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात अजून मिळतील. गिअरच्या केबलीचा अंदाज तिथे विकत मिळत नाही.

एक कायदेशीर गोष्टही ध्यानात घ्यावी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. तिला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन-रॅलीसाठी आहे. चेतकच्या पहिल्या गाड्यांनी ही पन्नाशी २०२२ मध्येच ओलांडली. म्हणून झगमगीत रंग, भलतेच आरसे, रुंद टायर यांचा मोह टाळावा. मूळ रंग आणि मूळ भाग हीच तिची किंमत आहे.

तुमच्या जिन्याखाली चेतक असेल तर ती भंगारवाल्याला देण्याआधी आरसी पुस्तक शोधा, इंजिन आणि चासी क्रमांक त्याच्याशी ताडून पाहा, आणि आपल्या भागातल्या जुन्या मिस्त्रींना गाडी दाखवा. ते काम करत असताना शेजारी कोणी तरुण मुलगा किंवा मुलगी उभी राहील, एवढंही बघा.